वरची चौकट, खालची चौकट

माझ्या चुका शोधायला कोणाला फार कष्ट पडणार नाहीत. मराठी विकिपीडियावर माझ्या सदस्यनावाशेजारच्या ‘योगदान’ या शब्दावर टिचकी मारली, की सगळ्या तारीखवार, मिनिटासकट समोर येतात. मजकूर वाढवला असेल तर हिरवा आकडा, घटवला असेल तर लाल. लाल आकडा म्हणजे चूकच असं नाही. फापटपसारा छाटणाऱ्यांच्या खात्यावर लाल आकडेच जास्त असतात आणि अशा लोकांबद्दल मला आदर आहे. पण माझ्या यादीतले काही लाल आकडे छाटणीचे नाहीत. ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या आणि माझ्या हातून पुसल्या गेलेल्या ओळींचे आहेत. काही हिरव्या आकड्यांच्या पोटातही तेच दडलंय. मी भर जास्त घातली, पुसलं त्याहून कमी, म्हणून बेरीज हिरवी दिसते एवढंच.

पोटापाण्यासाठी मी मुद्रितशोधन करते. आमच्या धंद्याची शिस्त अशी, की एका वेळी एका प्रुफावर एकच हात. लेखकाकडे दुसरी प्रत गेली असेल तर त्याच्या आणि माझ्या खुणा कोणीतरी बसून एकाच प्रतीवर उतरवतो, मगच ती अक्षरजुळणीला जाते. या उतरवण्याच्या कामाला कोणी नावाजत नाही, पण पुस्तक तिथेच सुधारतं किंवा बिघडतं. हे सगळं ठाऊक असूनही विकिपीडियावर ते काम आपल्यालाच करायचं असतं, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ गेला.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९५ साली पहिलं विकी चालू केलं तेव्हापासून या जगातला प्रश्न एकच आहे: एका पानावर दोघे एकाच वेळी लिहायला बसले तर काय करायचं? पानाला कुलूप घालणं हा एक मार्ग. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिणारे अनेक गट डोकूविकी वापरतात, त्यात एकाने पान उघडलं की ते इतरांना पंधरा मिनिटं बंद असतं. मुदत हवी तर बदलता येते. विकिपीडिया ज्याच्यावर चालतो त्या मीडियाविकीने कुलूप नाकारलं. कोणीही कधीही उघडा, लिहा; टक्कर झालीच तर जतन करताना बघू. हा एक प्रकारचा जुगार आहे, आणि मराठीसारख्या विकिपीडियावर तो बहुतेक वेळा लागतो. लिहिणारे मोजके, लेख पुष्कळ, रात्री अकरा वाजता एकाच लेखावर दोघे असायची शक्यता ती किती? त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्यांना टक्करीचं पान पहिल्या महिन्यातच भेटत असेल, मला ते वर्षानुवर्षं भेटलं नाही. म्हणजे मला स्वतःला भेटलं नाही. माझ्यामुळे दुसऱ्याला भेटलं, आणि तीच माझी पहिली चूक.

मराठीतला ‘ऱ्य’ संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी जुनी तऱ्हा म्हणजे साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. शोध घ्यायला गेलं तर एका तऱ्हेचा ‘दुसऱ्या’ दुसऱ्या तऱ्हेच्या ‘दुसऱ्या’ला सापडत नाही. ‘ॲ’चीही तीच कथा: काहीजण त्यासाठी असलेलं स्वतंत्र अक्षर वापरतात, काहीजण ‘अ’वर चंद्र काढतात. मुद्रितशोधकाच्या डोक्यात हा किडा शिरला की निघत नाही. मी एकेक लेख उघडायचा, मजकूर उचलून शोधा-आणि-बदलाच्या खिडकीत टाकायचा, सगळे ‘ऱ्य’ एका वळणाचे करून परत चिकटवायचा, आणि पुढचा लेख घ्यायचा, असा सपाटा लावला होता. प्रत्येक ‘ऱ्य’मागे लेख तीन बाइटांनी हलका होतो. तेव्हाचे माझे लाल आकडे बहुतेक तीनच्या पटीत आहेत.

एका किल्ल्याच्या लेखावर असंच केलं. तेव्हा एक गृहस्थ तोच लेख उघडून बसले होते. तटबंदी, पाण्याची टाकी, चोरवाटा, सगळं ते संध्याकाळपासून नव्याने लिहीत होते. माझं काम पाच मिनिटांचं, त्यामुळे मी आधी जतन केलं. ज्याच्या हातात चार अक्षरांचं काम असतं तो नेहमीच आधी पोहोचतो, आणि टक्कर निस्तरायची वेळ येते ती तास-दीड तास घालवणाऱ्यावर. माझा हात जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाला लागला होता, म्हणून त्यांचा एकही परिच्छेद सरळ जुळेना. समोर कधी न पाहिलेलं पान आलं. आपला मजकूर नाकारला गेला असं समजून त्यांनी ते बंद केलं. माझ्या चर्चापानावर त्यांचा निरोप होता: “तुमच्या शुद्धलेखनात माझी संध्याकाळ गेली.” मी उत्तरादाखल त्यांना ‘ऱ्य’ एका पद्धतीने का लिहावा यावर सविस्तर टिपण लिहिलं. आज ते टिपण वाचवत नाही. प्रश्न ‘ऱ्य’चा नव्हताच. आधी इतिहास उघडून गेल्या तासाभरात या लेखावर कोणाची वर्दळ आहे का एवढं पाहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सावकाश करता आलं असतं. ते गृहस्थ पुढे फारसे दिसले नाहीत. कारण दुसरंही असेल.

मग २०२०चा जून आला. टाळेबंदीत सगळे घरात, आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. नासाने २५ मे आणि १० जूनची उपग्रहचित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली: आधी हिरवट, नंतर गुलाबी. वाहिन्यांवर तेच, व्हॉट्सॲपवर तेच. एरवी महिनोन्‌महिने हात न लागणाऱ्या लेखावर जो तो धावला. त्यात मीही. लोणार माझ्या आवडीचं ठिकाण. बेसाल्टच्या थरांत उल्काघाताने पडलेलं, पावणेदोन किलोमीटरहून जास्त व्यासाचं असं जपलेलं विवर जगात विरळा. मी रात्री जेवणं आटोपून संपादन उघडलं आणि मन लावून लिहीत बसले. रंगबदलाचा परिच्छेद, भूशास्त्राचा विभाग, १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली नोंद, मंदिरं. झालं, म्हणून कळ दाबली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

आणि ते पान आलं.

त्या वेळी ते कसं दिसायचं हे सांगायला हवं, कारण अर्धी चूक त्या मांडणीत दडलेली आहे. वर एक चौकट, खाली एक चौकट, मध्ये दोहोंतला फरक रंगवून दाखवलेला. वरच्या चौकटीत लेखाची या क्षणाची स्थिती, म्हणजे तुम्ही लिहीत असताना इतरांनी जे जतन केलं त्यासकट. खालच्या चौकटीत तुमचा मजकूर. आणि सूचना अशी, की कळ दाबल्यावर फक्त वरच्या चौकटीतलं जतन होईल; तेव्हा आपले बदल वर नेऊन बसवा. सूचना नीट वाचली तर हे आमच्या छापखान्यातलं उतरवणंच आहे. पण रात्री साडेबाराला, डोळे चुरचुरत असताना, मला त्यातले दोनच शब्द दिसले: माझा मजकूर. तो खाली पडलाय, जतन वरचं होणार. मग काय, खालची चौकट सगळी निवडली, नक्कल केली, वरची सगळी निवडली, चिकटवलं, कळ दाबली. समाधानाने झोपले.

सकाळी चर्चापानावर निरोप. विकिपीडियावर टोपणनावामागे कोण आहे ते कळत नाही, म्हणून सगळे सगळ्यांना ‘सर’ म्हणतात. मीही तिथे बरीच वर्षं सर आहे. “नमस्कार सर. लोणारच्या लेखात आपण उत्तम भर घातलीत. मात्र मधल्या वेळात तिघांनी केलेले बदल त्यात गेले आहेत. जाणूनबुजून काढले असतील तर कारण द्यावे, नसतील तर कृपया इतिहास पाहावा.” मी उलट टपाली लिहिलं, की मी काहीही काढलेलं नाही, सिस्टिमनेच काहीतरी केलं असावं. हे लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

मग फरक उघडला. डाव्या स्तंभात होतं ते, उजव्या स्तंभात मी केलेलं. उपग्रहचित्राची ओळ गेली होती. “शेवाळामुळे पाणी गुलाबी झाले” हे वाक्य कोणीतरी सावधपणे बदलून “शेवाळ किंवा सूक्ष्मजीव हे कारण असावे, तपासणी चालू आहे” असं केलं होतं. मी पुन्हा ठणकावून शेवाळावर आणून ठेवलं होतं. आणि मंदिराचं नाव. लेखात पूर्वीपासून ‘दैत्यसुदन’ असं ऱ्हस्व होतं. रात्री कोणीतरी ते ‘दैत्यसूदन’ असं दीर्घ केलं होतं, मधुसूदनासारखं, म्हणजे बरोबर. माझ्या प्रतीत जुनंच होतं, ते मी परत आणलं. ज्या बाईने ‘ऱ्य’साठी दुसऱ्याची संध्याकाळ घालवली, तिने दुसऱ्याने केलेली शुद्धलेखनाची दुरुस्ती पुसून चूक पुन्हा छापली होती.

निस्तरताना आणखी एक गोष्ट कळली. माझं संपादन उलटवून भागत नव्हतं. तोवर त्याच्यावर आणखी कोणी लिहून गेलं होतं. मग तिघांचा एकेक बदल हाताने परत बसवला. त्यातही घाईत संपादन सारांशात नुसतंच “दुरुस्ती” असं लिहिलं. विकिपीडियावरच्या मजकुराचं श्रेय लेखाच्या इतिहासातून मिळतं, परवानाच तसा आहे. म्हणजे त्या तिघांच्या ओळी आता इतिहासात माझ्या नावावर चढल्या. आधी पुसल्या, मग वर स्वतःच्या नावाने घातल्या! पुढच्या संपादनाच्या सारांशात कोणाचा कोणता बदल परत घातला ते लिहून ठेवलं तेव्हा कुठे हिशोब सरळ झाला.

यंत्र जुळवणी कशी करतं हे मी त्यानंतर समजून घेतलं. आधी घ्यायला हवं होतं. त्याच्याकडे तीन प्रती असतात. तुम्ही लिहायला बसलात तेव्हाची मूळ प्रत, मधल्या वेळात दुसऱ्याने जतन केलेली, आणि तुमची. मूळ प्रतीपासून दुसऱ्याने कुठे बदल केला आणि तुम्ही कुठे, हे ते ओळीओळीने ताडून पाहतं. जागा वेगळ्या असतील तर दोन्ही बदल गुपचूप एकत्र करून मोकळं होतं, तुम्हाला विचारतही नाही. एकाच ओळीला दोघांचा हात लागला असेल तरच पान समोर येतं. इथे एक मेख आहे. विकीच्या मजकुरात ओळ म्हणजे पडद्यावरची ओळ नव्हे. एन्टर मारेपर्यंत एकच ओळ, म्हणजे अख्खा परिच्छेद. लांबलचक परिच्छेदाच्या सुरुवातीला तुम्ही स्वल्पविराम दिला आणि शेवटी दुसऱ्याने सन दुरुस्त केला, तरी यंत्राच्या लेखी दोघे एकाच जागी भांडतायत. म्हणून छोटे परिच्छेद, एकेका विभागाचं वेगळं संपादन, आणि दर थोड्या वेळाने जतन, हे जुनी मंडळी सांगतात ते उगाच नाही. मोठं काम काढणार असाल तर लेखाच्या डोक्यावर ‘कामचालू’चा साचा लावायचा. तो कुलूप नव्हे, नुसती विनंती. पण लोक मानतात.

एवढं कळल्यावर मी शहाणी झाले असते तर लेख इथेच संपला असता. मी उपाय शोधला, आणि तो आधीच्या चुकीपेक्षा वाईट निघाला. टक्करीचं पान मनात बसलं होतं. ते येऊच नये म्हणून मी लेखाचा मजकूर आपल्या संगणकावर एका फाइलमध्ये उतरवून घ्यायला लागले. तिथे निवांत लिहायचं, आणि मनासारखं झालं की विकिपीडियावर संपादन उघडायचं, आतलं सगळं निवडून त्यावर आपली फाइल ओतायची. टक्कर नाही, पान नाही, काही नाही. दर वेळी बिनबोभाट जतन. मला वाटलं, युक्ती साधली.

युक्ती कसली? यंत्राच्या लेखी मूळ प्रत कोणती, तर मी संपादन उघडलं त्या क्षणाची. ती तर ताजी होती. मी ती ताजी प्रत वाचून, विचार करून, त्यातलं अर्धं काढून टाकलं असंच त्याला दिसणार. माझी खरी मूळ प्रत आठवडाभरापूर्वीची आहे हे त्याला कुठून कळावं? गेल्या वर्षीचा सातबारा घेऊन यंदा व्यवहार करायला जावं तसा तो प्रकार, आणि हटकायला तलाठी नाही. जुलैमध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष आला: पाणी गुलाबी झालं ते हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. पाणी आटलं, खारटपणा वाढला, ते फोफावले. कोणीतरी ते लगोलग लेखात संदर्भासह घातलं. आणि मी माझी जूनमधली फाइल, नव्या सुबक वाक्यांसकट, त्याच्यावर ओतली. लेख परत शेवाळावर आला. पडद्यावर एकही सूचना नव्हती. पुढे कोणीतरी तो परिच्छेद परत घातला आणि सारांशात फक्त “पुन्हा” एवढंच लिहिलं. त्या ‘पुन्हा’वर मी काहीच उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, की टक्करीचं पान येणं हे चांगलं लक्षण. ते आलं म्हणजे अजून काही गेलेलं नाही, दोन्ही प्रती समोर आहेत. नुकसान होतं ते पान न येता.

टक्करीचा तिसरा प्रकार मात्र मला तोवर माहीत नव्हता, आणि त्यात मी कोणाचीही ओळ पुसली नाही. लोणारचं वय किती, हा तो प्रश्न. उल्काघाताचा पुरावा १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. वयाचं तसं नाही. विवरातल्या काचेवर थर्मोल्युमिनेसन्सच्या पद्धतीने काम करून सुमारे ५२ हजार वर्षं असा आकडा काढला गेला, आणि तोच मराठी पुस्तकांतून, फलकांवरून, मार्गदर्शकांच्या तोंडून फिरत राहिला. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेलं मोजमाप २०११ साली प्रसिद्ध झालं: सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक. मी भूशास्त्राच्या विभागात आणि माहितीचौकटीत नवा आकडा घातला. त्याच अर्ध्या तासात दुसऱ्या एकांनी लेखाच्या पहिल्या परिच्छेदात, जिथे वयाचा उल्लेखच नव्हता तिथे, ५२ हजार घातला. जागा वेगळ्या, ओळी वेगळ्या. यंत्राने दोन्ही बदल बिनतक्रार जोडले. लेख डोक्यात एक वय सांगत होता आणि पोटात दुसरं, दोन्ही संदर्भासह.

मी ते पाहिलं आणि माझा पारा चढला. मी संदर्भ देऊन आकडा घातला आणि या माणसाने लगेच वर जुना आकडा लावला, म्हणजे मुद्दामच! उलटवलं. सारांशात लिहिलं: “कृपया कालबाह्य व चुकीची माहिती घालू नये.” त्यांनी परत घातलं. मी परत उलटवलं. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एका पानावर तीनाहून जास्त वेळा उलटवणाऱ्यावर बंदी येऊ शकते. हा नियम २००४पासून आहे आणि तो कोणाचं बरोबर हे पाहत नाही. आमच्याकडे एका प्रचालकांनी आम्हा दोघांच्या पानांवर एकच ओळ टाकली, “चर्चापानावर बोलावे”, आणि आम्ही थांबलो.

तिथे कळलं, की त्यांनी संपादन उघडलं तेव्हा माझा आकडा लेखात नव्हताच. वेळा तपासल्या. माझं जतन त्यांच्या जतनाच्या थोडंसंच आधीचं. त्यांनी माझं काही खोडायला लिहिलं नव्हतं, त्यांनी माझं पाहिलंच नव्हतं. किल्ल्याच्या लेखात मी जे केलं तेच, फक्त या वेळी मी दुसऱ्या बाजूला होते, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो खोडसाळपणाचा. एरवी कुठे रागाने बोललं तर शब्द विरून जातात. संपादन सारांश एकदा जतन झाला की बदलता येत नाही. प्रचालक फार तर तो लपवू शकतात, तेही अगदीच शिवीगाळ असेल तर. माझं “चुकीची माहिती” तिथे आहे आणि राहील.

चुकीची ती नव्हतीही. त्यांना भूशास्त्रातलं माझ्याहून बरंच कळत होतं. चर्चापानावर त्यांनी शांतपणे लिहिलं, की एक पद्धत काच शेवटची केव्हा तापली ते मोजते, दुसरी वितळलेल्या खडकात पोटॅशियमपासून बनून साठलेला आर्गॉन मोजते. नवा आकडा अनेकांना जास्त भरवशाचा वाटतो, पण म्हणून जुना आकडा लेखातून हद्दपार करायचा नाही. तो कुठून आला हे वाचकाला कळलं पाहिजे, कारण सरोवरावर गेल्यावर त्याला तोच ऐकायला मिळणार. मग आम्ही दोघांनी मिळून चार वाक्यांचा परिच्छेद केला. दोन पद्धती, दोन आकडे, दोन साल. त्यातलं एकही वाक्य पूर्ण माझं नाही, पूर्ण त्यांचंही नाही. ‘माझं ठेवू की त्यांचं’ हा प्रश्नच मुळात किती तोकडा होता, ते हा परिच्छेद लिहिताना जाणवलं.

आता टक्करीच्या पानाची मांडणीही बदलली आहे. जर्मनीतल्या विकिमीडियाच्या लोकांनी नवीन रूप तयार केलं, ते अनेक विकिपीडियांवर आलंय: परिच्छेद आमनेसामने, एका बाजूला त्यांचा, एका बाजूला तुमचा, जो हवा तो निवडा. दोन चौकटींपेक्षा शंभर पटींनी बरं. पण निवड इतकी सोपी झाली की बोट आपोआप आपल्या बाजूला जातं. हवं तर त्यातला मजकूर तिथल्या तिथे बदलूनही घेता येतो. मी आता बहुतेक तेच करते.

कोणी म्हणतं, गूगल डॉक्ससारखं का करत नाहीत? एकाने अक्षर मारलं की दुसऱ्याला लगेच दिसतं, टक्करच नाही. त्यामागचं संशोधन १९८९इतकं जुनं आहे, म्हणजे पहिल्या विकीच्याही आधीचं. अनुवादाच्या कामात मी डॉक्स रोज वापरते. तिथे अक्षरांची टक्कर होत नाही हे खरं, अर्थाची होतेच. मी वाक्य संपवेपर्यंत पलीकडच्याने त्याचा कर्ता बदललेला असतो. आणि विकिपीडियावर प्रत्येक जतनामागे एक नाव आणि एक कारण लागतं. मला ते हवंसं वाटतं, माझं नाव कुठे कुठे आलंय ते माहीत असूनही.

एका महाविद्यालयातल्या कार्यशाळेचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मी चूक घाऊक केली. मराठी भाषा गौरव दिन होता, संगणककक्ष भरलेला. सगळ्यांना एकत्र काही केल्याचा आनंद मिळावा म्हणून मी सगळ्या वर्गाला एकच लेख दिला. त्याआधी खाती उघडण्यातच तास गेला, कारण एका जोडणीवरून दिवसाला सहापेक्षा जास्त खाती उघडू देत नाहीत आणि अख्खा कक्ष एकाच जोडणीवर; आधी विनंती करून सवलत घ्यायची असते, ते मी केलं नव्हतं. मग सगळ्यांनी एकदमच लिहिलं, एकदमच कळ दाबली. पहिल्याचं जतन झालं, बाकी साऱ्यांसमोर ते पान. “मॅडम, एरर आला,” म्हणत मुलांनी खिडक्या बंद केल्या. हाताने कागदावर आधी लिहून आणलेल्या एकीचाच मजकूर वाचला. पुढच्या वेळेपासून ज्याची त्याची धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, आणि लेखाचा एकेक विभाग एकेकाला.

लोणारकडे परत येते. २०२०च्याच नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाल्याची बातमी आली आणि लेखावर पुन्हा झुंबड. मी लिहिलं, “महाराष्ट्रातील दुसरे रामसर स्थळ”, कळ दाबली, आणि टक्कर. वरच्या बाजूला कोणीतरी लिहिलं होतं, “महाराष्ट्रातील पहिले”. त्याआधीच नांदूर मधमेश्वरला तो दर्जा मिळाला होता, हे मला नक्की ठाऊक होतं. बोट माझ्या बाजूला गेलंच. पण त्यांचा परिच्छेद पूर्ण वाचला तर त्यात पक्ष्यांबद्दल दोन ओळी होत्या, माझ्याकडे नसलेल्या. त्या राहू दिल्या, ‘पहिले’चं ‘दुसरे’ केलं, नांदूर मधमेश्वरचा दुवा दिला, सारांशात सगळं लिहिलं. त्यांनी आभाराची कळ दाबली. विकिपीडियावर अशी एक कळ आहे. क्वचितच कोणी दाबतं.

वयाचं भांडण मात्र पुरतं मिटलेलं नाही, आणि ते माहितीचौकटीमुळे. लेखात चार वाक्यं मावतात, चौकटीत रकाना एकच. दोन्ही आकडे घातले तर कोणीतरी येऊन एक काढतं, एकच ठेवला तर दुसरा घालतं. आम्ही दोघांनी ठरवून तो रकाना रिकामा ठेवला. रिकामा रकाना कोणाला बघवत नाही. गेल्या खेपेला तो भरणारे खुद्द तेच भूशास्त्रवाले गृहस्थ निघाले, ५ लाख ७० हजार घालून, मी ज्याच्यासाठी भांडले होते तोच आकडा. मी चर्चापानावर विचारलं, आपलं तर रिकामा ठेवायचं ठरलं होतं ना? ते म्हणाले, मोबाइलवरून संपादन करत होतो सर, चर्चापान उघडून पाहिलंच नाही.